तीन गाड्या, तीन बाटल्या: ऑइल, फिल्टर आणि प्लगची खरेदी

दसऱ्याला गाड्यांना झेंडूचे हार पडतात, त्याआधी आठवडाभर ऑइल बदली उरकून घ्यावी. पाऊस सरलेला असतो, इंजिनात साठलेला ओलावा जुन्या ऑइलबरोबर निघून जातो आणि दिवाळीच्या प्रवासाला गाडी तयार होते. या वेळी एकाच अंगणातल्या तीन गाड्यांचं सामान एकदम घ्यायचं होतं: ११० सीसीची अ‍ॅक्टिव्हा, स्प्लेंडर आणि सीएनजीवर चालणारी १ लीटर इंजिनाची वॅगनआर. पुष्कळ घरांत हीच तिकडी असते आणि प्रश्नही हाच पडतो, की पाच लीटरचा एकच डबा आणला तर तिन्हींचं भागणार नाही का?

नाही भागत. का नाही, ते बाटलीवरच लिहिलेलं असतं. फक्त पुढच्या बाजूला नाही, मागच्या बाजूला, बारीक अक्षरात.

दुकानात जाण्याआधी तिन्ही गाड्यांच्या पुस्तिका काढल्या आणि एका कागदावर प्रत्येक गाडीच्या पाच गोष्टी उतरवल्या: ऑइलची जाडी, ऑइलचा दर्जा, किती मिली लागतं, फिल्टर कोणता आणि प्लगचा पूर्ण नंबर. सोबत गाडीचं साल आणि चासी नंबर. साल लिहिणं फार महत्त्वाचं, कारण १ एप्रिल २०२० पासून बीएस६ हा धुराच्या प्रदूषणाचा कडक नियम आला आणि नाव तेच राहून आतलं इंजिन बदललं. पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्ब्युरेटर जाऊन संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारणारं इंजेक्शन आलं, त्याबरोबर काही गाड्यांचे प्लग आणि फिल्टरही बदलले. काउंटरवर नुसतं ‘स्प्लेंडरचा प्लग द्या’ म्हटलं, की माणूस समोरची पेटी उघडतो आणि त्यात असेल तो देतो. तो बसतोही. बसणं आणि योग्य असणं यांत फरक आहे, तो पुढे येईलच.

आधी ऑइल. बाटलीवर १०डब्ल्यू-३० असं मोठ्या अक्षरात असतं. यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. पहिला आकडा थंडीतलं ऑइल किती वाहतं ते सांगतो, दुसरा १०० अंश सेल्सिअसला ते किती जाड राहतं ते सांगतो. १०डब्ल्यूची चाचणी उणे २५ अंशाला होते, ०डब्ल्यूची उणे ३५ ला, २०डब्ल्यूची उणे १५ ला. आपल्याकडे महाबळेश्वरला दवाचा बर्फ झाला तरी इतकी थंडी पडत नाही, मग पहिल्या आकड्याचं काय काम, असं वाटतं. काम आहे. रात्रभर उभ्या गाडीतलं ऑइल खाली उतरलेलं असतं. सकाळी बटण दाबल्यावर ते वरच्या कॅमपर्यंत, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यापर्यंत, चढायला जो वेळ लागतो, तेवढा वेळ धातूवर धातू जवळजवळ कोरडा घासतो. इंजिनाच्या झिजेतला मोठा वाटा या पहिल्या काही सेकंदांचा असतो. पहिला आकडा जितका लहान तितकं ऑइल वर लवकर पोचतं.

दुसऱ्या आकड्याची मापं ठरलेली आहेत, ती सेंटीस्टोक या जाडीच्या एककात मोजतात. १०० अंशाला २० ग्रेडचं ऑइल ६.९ ते ९.३ सेंटीस्टोक, ३० चं ९.३ ते १२.५, ४० चं १२.५ ते १६.३ आणि ५० चं १६.३ ते २१.९. म्हणजे ५० चं ऑइल ३० च्या पावणेदोन पट जाड. हे आकडे इथे मुद्दाम दिले, कारण ‘जाड ऑइल म्हणजे चांगलं ऑइल’ ही समजूत गॅरेजांत अजून घट्ट आहे. ती एका काळी खरी होती. जुन्या इंजिनांत बेअरिंगच्या फटी मोठ्या, ऑइलची प्रत साधी, गरम झालं की पाण्यासारखं व्हायचं. आजच्या इंजिनात ऑइलच्या वाटा अरुंद असतात आणि ऑइल फक्त वंगण राहिलेलं नाही. वॅगनआरच्या के-सीरिज इंजिनात टायमिंग चेन आहे आणि तिला ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर काम करतो. तिथे २०डब्ल्यू-५० ओतलं तर सकाळी सुरू करताना दाब उशिरा पोचतो, चेन क्षणभर सैल राहते आणि खडखड ऐकू येते. वर पेट्रोल आणि गॅस जास्त लागतो तो वेगळाच. तिच्या पुस्तिकेत सालाप्रमाणे ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० असतं. तेच घ्यायचं.

विदर्भातल्या वाचकांचा नेहमीचा प्रश्न असतो: आमच्याकडे मे महिन्यात ४५ अंश, आम्हाला तरी जाड नको का? पाण्याने थंड होणाऱ्या कारमध्ये थर्मोस्टॅट आणि पंखा मिळून इंजिनाचं तापमान एका पट्ट्यात ठेवतात. चंद्रपूर असो वा पुणे, आतल्या ऑइलला फारसा फरक जाणवत नाही. हवेवर थंड होणाऱ्या दुचाकीचं गणित वेगळं. सिग्नलवर उभ्या स्प्लेंडरला वाराच नसतो, ट्रॅफिकमध्ये किंवा दुसऱ्या गिअरमध्ये दोघांना घेऊन घाट चढताना तिचं ऑइल झपाट्याने तापतं. पुस्तिकेत बाहेरच्या तापमानाप्रमाणे जाडीचा तक्ता दिलेला असला, तर त्या तक्त्याच्या आत राहून एक पायरी जाड जायला हरकत नाही. तक्त्याबाहेर जाऊ नये.

आता बाटली फिरवा. मागच्या लेबलवर दोन नावं शोधायची: एपीआय आणि जासो. तिन्ही गाड्यांचं एकाच डब्यात का भागत नाही याचं उत्तर या दुसऱ्या नावात आहे.

एपीआय हा ऑइलचा दर्जा. एस ने सुरू होणारा पेट्रोल इंजिनासाठी, सी ने सुरू होणारा डिझेलसाठी. पुढचं अक्षर जितकं पुढचं तितका दर्जा नवा: एसएल २००१ चा, एसएन २०१० चा, एसपी २०२० चा. पेट्रोल कारसाठी नवा दर्जा जुन्याची जागा घेतो, म्हणून पुस्तिकेत एसएन असेल आणि एसपी मिळालं तर बिनधास्त घ्यावं. गावाकडे ट्रॅक्टरसाठी आणलेल्या १५डब्ल्यू-४० च्या डब्यातूनच मोटरसायकलला ऑइल ओततात. ते सीआय-४ किंवा तत्सम डिझेलचं असतं. एखाद्या वेळी ओतल्याने इंजिन बंद पडणार नाही, पण त्यात राख करणारी रसायनं जास्त असतात, आणि बीएस६ गाडीच्या सायलेन्सरमधल्या, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला फॉस्फरस आणि राख दोन्ही सोसत नाहीत. शिवाय त्या डब्यावर बहुधा जासोची खूण नसते.

जासो ही जपानी खूण मोटरसायकलसाठी आहे. मोटरसायकलमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच तिन्ही एकाच ऑइलमध्ये न्हात असतात. क्लचच्या प्लेटा ऑइलमध्ये बुडालेल्या असूनही त्यांनी एकमेकींना घट्ट धरायचं असतं. कारच्या ऑइलमध्ये मायलेज वाढावं म्हणून घर्षण कमी करणारे घटक घातलेले असतात. कारला ते वरदान, क्लच प्लेटांना शाप. ऑइल जितकं निसरडं तितका क्लच सरकतो. इंजिन ओरडतं, रेस वाढते आणि गाडी मात्र पुढे जात नाही. घाटात हे पहिल्यांदा जाणवतं.

म्हणून जासोने दोन गट केले. एमए म्हणजे पुरेसं घर्षण ठेवणारं, बुडीत क्लचच्या मोटरसायकलसाठी. त्यातही एमए१ आणि एमए२ असे पोटगट, एमए२ ची पकड जास्त. एमबी म्हणजे कमी घर्षणाचं, स्कूटरसाठी. स्कूटरला बेल्ट असतो आणि तिचा क्लच कोरड्या खोलीत, ऑइलपासून लांब. निसरड्या ऑइलचं तिला काही वावडं नाही, उलट थोडं मायलेज मिळतं. बाटलीच्या मागे एक छोटी चौकट असते, तिच्यात कंपनीचा सांकेतिक क्रमांक आणि खाली एमए, एमए२ किंवा एमबी. नखाएवढी असते, पण सगळा निर्णय तिच्यावर. अ‍ॅक्टिव्हाची १०डब्ल्यू-३० आणि स्प्लेंडरची १०डब्ल्यू-३० या बाटल्या पुढून सारख्याच दिसतात, आणि फरक फक्त या चौकटीत असतो.

मग अडचणीला काय करायचं? स्कूटरमध्ये त्याच जाडीचं एमए ऑइल घातलं तर काही बिघडत नाही, मायलेजचा किंचित तोटा. उलटं करू नये. स्प्लेंडरमध्ये एमबी घालू नये. आणि कारचं ०डब्ल्यू-२० तर दोन्ही दुचाकींत मुळीच नाही. क्लचशिवाय आणखी एक कारण आहे. मोटरसायकलच्या ऑइलला गिअरचे दात सतत कातरत असतात. उष्णतेत जाडी टिकवणाऱ्या रेणूंच्या लांब साखळ्यांचे तुकडे होतात आणि ऑइल पातळ पडत जातं. त्यामुळे मोटरसायकलचं ऑइल दिसायला बरं असलं तरी कामातून उतरलेलं असू शकतं. दुचाकीत पुस्तिकेप्रमाणे ३ ते ६ हजार किमीला ऑइल बदलतात आणि कारमध्ये १० हजार किमी किंवा एक वर्ष चालतं, त्याचं हेही एक कारण.

मिनरल, सेमी-सिंथेटिक, सिंथेटिक या वादात फार वेळ घालवू नये. जाडी आणि दर्जा बरोबर असेल तर १०० सीसीच्या गाडीला चांगलं मिनरल किंवा सेमी-सिंथेटिक वेळेवर बदललेलं पुरतं. महागडं सिंथेटिक घालून दहा हजार किमी तसंच चालवण्यापेक्षा ते कितीतरी बरं. कारसाठी ०डब्ल्यू-२० घेतलं तर प्रश्नच मिटतो, ती जाडी चांगल्या प्रतीच्या मूळ तेलाशिवाय साधत नाही.

प्रमाण लक्षात ठेवा. ११० सीसी अ‍ॅक्टिव्हात निथळल्यावर ७०० मिलीच्या आसपास लागतं, शिवाय मागच्या चाकाजवळच्या गिअरपेटीत वेगळं शंभर-सव्वाशे मिली, जे बहुतेक जण वर्षानुवर्षं बदलतच नाहीत. स्प्लेंडरसाठी ९०० मिलीची बाटली मिळते. वॅगनआरला फिल्टरसकट साधारण तीन लीटर.

बाटली घेताना झाकणाची कडी तुटलेली नाही ना, आतलं सील चिकटलेलं आहे ना, बॅच नंबर आणि तारीख खोडलेली नाही ना, हे काउंटरवरच पाहून घ्यावं. रिकाम्या खऱ्या बाटल्यांत भलतंच भरून विकलं जातं, म्हणून आपली बाटली रिकामी झाली की तिला खिळ्याने भोक पाडून मगच टाकावी.

फिल्टरकडे येऊ. स्प्लेंडर घेऊन गेलेल्याला दुकानदाराने ऑइल फिल्टर विकला, तर तो परत करावा. या जातीच्या इंजिनाला कागदी ऑइल फिल्टर नसतोच. त्याऐवजी दोन गोष्टी असतात: तळाशी पंपाच्या तोंडाची जाळी, आणि उजव्या झाकणाआड क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावर, फिरणारी एक चपटी वाटी. इंजिनाबरोबर ती गरगर फिरते आणि ऑइलमधला जड कचरा कडेला फेकला जाऊन तिथेच थापला जातो. हजारो किलोमीटरनंतर ती उघडली, की आतल्या भिंतीवर काळा, घट्ट लेप दिसतो. नखाने ओरखडला तर खाली चांदीसारखी चकाकी असते. ते क्लच आणि गिअरचं झिजलेलं धातूचं पीठ. ही वाटी आणि जाळी साधारण १२ हजार किमीला साफ करायची असते. झाकण खोलायचं म्हणजे त्याचं पॅकिंग नवं लागणार, ते आधीच आणून ठेवावं. रॉकेल किंवा पेट्रोलने धुऊन, फडक्याचा एक धागाही आत न राहता वाळवून बसवायची. अ‍ॅक्टिव्हातही जाळीच आहे, कागदी फिल्टर नाही. अनेक १५० सीसी गाड्यांत मात्र कागदी फिल्टर असतो, आणि तो उलटा बसू शकतो. काही फिल्टरवर आउटसाइड असं छापलेलं असतं, ती बाजू बाहेर. उलटा बसला तर ऑइलची वाट अडते आणि इंजिन जाम होण्यापर्यंत मजल जाते. जुना काढताना कोणती बाजू कुठे होती, स्प्रिंग आणि रबरी रिंग कुठे होती, याचा मोबाइलवर एक फोटो घेतला की पुढचं निभावतं.

कारचा ऑइल फिल्टर म्हणजे पत्र्याचा डबा. बाहेरून सगळे सारखे दिसतात, आटेही एखाद्या दुसऱ्या गाडीचे जुळतात. फरक आत असतो. त्यात एक बायपास झडप असते, कागद तुंबला तर न गाळलेलं का होईना पण ऑइल पुढे जाऊ देणारी. ती किती दाबाला उघडावी हे इंजिनाप्रमाणे ठरतं. आणि एक रबरी पडदा असतो, गाडी बंद झाल्यावर फिल्टरमधलं ऑइल मागे पळू न देणारा. स्वस्त फिल्टरचा पडदा लवकर ताठरतो. मग रोज सकाळी दोन-तीन सेकंद खडखड, ऑइलचा दिवा विझायला उशीर. पन्नास-शंभर रुपये वाचवण्याची ही जागा नव्हे.

एअर फिल्टरच्या बाबतीत सर्वांत मोठी चूक प्रेमापोटी होते. अ‍ॅक्टिव्हाचा कागदी फिल्टर तेलकट असतो, धूळ त्याला चिकटून राहावी म्हणून कारखान्यातच तेल लावलेलं असतं. गॅरेजमध्ये हवा मारून तो ‘साफ’ केला, की तेल आणि कागदाची वीण दोन्ही बिघडते आणि धूळ सरळ सिलिंडरमध्ये. असा फिल्टर साफ करायचा नसतो, साधारण १५-१६ हजार किमीला बदलायचा असतो, धुळीच्या रस्त्यावर त्याआधी. नवाच तेलकट दिसला म्हणून दुकानात परत करू नका, तो तसाच असतो. वॅगनआरचा कागदी फिल्टर कोरडा असतो. तो हलक्या हवेने झटकता येतो, पण स्वच्छ बाजूने धुळीच्या बाजूकडे. जुन्या मोटरसायकलींत स्पंज असतो. तो रॉकेलमध्ये पिळून, वाळवून, ऑइलचा हात देऊन, पुन्हा पिळून बसवायचा.

कोकणात आणि गोव्यात फिल्टर लालसर होतो तो जांभ्याच्या धुळीने, ऊसपट्ट्यात कच्च्या रस्त्यावर तो करडा होतो. रंगाने घाबरू नये. खरी तपासणी पलीकडच्या, इंजिनाकडच्या बाजूने करायची. तिथे बोट फिरवल्यावर धूळ लागली, तर फिल्टर फाटलेला आहे किंवा त्याची कड नीट बसलेली नाही. बारीक धूळ ऑइलमध्ये मिसळली की पॉलिश पेपरासारखं काम करते. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर त्याने जातात आणि मग गाडी निळा धूर सोडते. तेव्हा कितीही महाग ऑइल घातलं तरी ते जळतच राहणार.

आता प्लग. इथे थोडं थांबायला हवं, कारण प्लगचा नंबर वाचता आला की दुकानातली निम्मी फसगत टळते. उदाहरणाला एनजीके या प्लग कंपनीचा सीपीआर८ईए-९ घेऊ. सी म्हणजे १० मिमीचा आटा. पी म्हणजे आतली चिनीमातीची टोकदार नळी थोडी पुढे आलेली. आर म्हणजे रेझिस्टर, ठिणगीचा विद्युत गोंगाट दाबणारा भाग, असलेला. ८ हा उष्णतेचा आकडा. ई म्हणजे आट्याची लांबी १९ मिमी. शेवटचा ९ म्हणजे फट ०.९ मिमी. आता या जागी आट्याची लांबी एच, म्हणजे १२.७ मिमी असलेला प्लग दिला, तर तो हाताने सहज बसेल आणि गाडी सुरूही होईल. पण ठिणगी खड्ड्यात पडेल, आणि उघड्या राहिलेल्या आट्यांवर कार्बन चढून पुढच्या वेळी योग्य प्लग बसणार नाही. उलट, आखूडच्या जागी लांब प्लग घातला तर पिस्टन त्याच्यावर आपटू शकतो. ‘बसतोय की’ हा निकष नाही, तो इथे.

उष्णतेचा आकडा हा सर्वाधिक घोटाळ्याचा भाग. प्लगच्या टोकाला साधारण ४५०-५०० अंशांच्या वर राहावं लागतं, म्हणजे त्यावरची काजळी आपोआप जळते. ८५० च्या वर गेलं तर ठिणगीआधीच मिश्रण पेटायला लागतं आणि पिस्टन धोक्यात येतो. उष्णता लवकर सोडणारा तो थंड प्लग, धरून ठेवणारा तो गरम. एनजीके आणि डेन्सोत आकडा वाढला की प्लग थंड. बॉश आणि चॅम्पियनमध्ये नेमकं उलटं, आकडा वाढला की गरम. शिवाय डेन्सोचे आकडेही वेगळे: एनजीकेचा ६ म्हणजे डेन्सोचा २०, ७ म्हणजे २२, ८ म्हणजे २४. त्यामुळे एका कंपनीचा नंबर दुसऱ्या कंपनीच्या डब्यावर शोधत बसू नये, कंपनीच्या तक्त्यात गाडीचं नाव आणि साल पाहूनच पर्यायी प्लग घ्यावा.

आर नसलेला प्लग इंजेक्शनच्या गाडीत चालत नाही. ठिणगीचा विद्युत गोंगाट संगणकाला आणि डिजिटल मीटरला त्रास देतो. गाडी मध्येच अडखळते आणि दोष मात्र इंजेक्टरवर जातो.

इरिडियम घ्यावा का? त्याचं मधलं टोक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं असतं, ठिणगीला कमी व्होल्ट लागतात आणि तो जास्त टिकतो. सीएनजीच्या वॅगनआरला त्याचा उपयोग खरा आहे, कारण गॅसचं मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्ट लागतात आणि प्लगची फट झिजून वाढली की त्रास आधी गॅसवरच दिसतो. पेट्रोलवर गाडी गुळगुळीत आणि गॅसवर चढाला झटके, असं झालं की आधी प्लग पाहावेत, गॅसचं किट उघडू नये. कंपनीच्या सीएनजी गाडीला पुस्तिकेत प्लग नमूद असतो, तोच नंबर घ्यावा. स्प्लेंडरला साधा प्लग वेळेवर बदललेला पुरे. इरिडियमचं टोक तारेच्या ब्रशने घासायचं नाही आणि नाण्यासारख्या फट-मापकाने उचकायचंही नाही, ते तुटतं.

आणखी एक बारीक गोष्ट. नव्या प्लगच्या डोक्यावर काही वेळा एक छोटी नट फिरवून बसवलेली असते. काही गाड्यांची कॅप त्या नटावर बसते, काहींची नुसत्या आट्यांवर. जुन्या प्लगचं डोकं पाहून ती ठेवायची की काढायची ते ठरवावं. नट नको असताना ठेवली तर कॅप पूर्ण खाली जात नाही आणि पावसात गाडी मिस करायला लागते.

प्रत्यक्ष कामाचा क्रम असा ठेवला. आधी प्लग, इंजिन थंड असताना. गरम अ‍ॅल्युमिनियममधून प्लग काढला तर आटे सोबत येतात. काढण्याआधी प्लगच्या खोबणीत हवा मारली, कारण तिथली माती प्लग निघताच सिलिंडरमध्ये पडते. काढलेल्या प्लगचं टोक उजेडात धरलं. फिकट तपकिरी म्हणजे ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, चोक अडकलेला किंवा एअर फिल्टर तुंबलेला. तेलाने ओलं आणि चकाकतं म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीलं. पांढरंफटक आणि फोड आलेलं म्हणजे मिश्रण पातळ किंवा प्लग जास्त गरम जातीचा. इंजेक्शनच्या निरोगी गाडीतही टोक बऱ्यापैकी पांढरट असतं, फोड नसतील तर काळजी नको. बाहेरच्या पांढऱ्या चिनीमातीवर खालच्या बाजूला तपकिरी वलय दिसतं, त्याला ‘गॅस लीक’ म्हणून प्लग फेकतात. ते उच्च दाबाच्या विजेने ओढलेल्या तेलकट कणांचा डाग असतो, दोष नव्हे.

नवा प्लग पान्याशिवाय, बोटांनीच शेवटपर्यंत फिरवावा. अडला तर परत काढून सरळ लावावा. कारमध्ये प्लग खोल विहिरीत असतो, तिथे रबरी नळीचा तुकडा प्लगच्या डोक्यावर अडकवून उतरवला की आटा वाकडा लागायची भीती राहत नाही, नळीच घसरते. वायसर टेकल्यावर नव्या प्लगला पान्याने सुमारे अर्धा फेरा, तोच जुना परत बसवत असाल तर एक अष्टमांश फेरा. १० मिमीच्या प्लगला १० ते १२ न्यूटन-मीटर एवढीच ताकद पुरते, मनगटाची, खांद्याची नव्हे. आट्यांना ग्रीस लावू नये. त्याने तोच पाना जास्त घट्ट आवळतो.

मग गाडी पाच मिनिटं चालवून ऑइल कोमट करायचं. पूर्ण गरम नको, हात भाजतो. गाडी सपाट जमिनीवर, मधल्या स्टँडवर. भरायची टोपी आधी सैल केली की धार सलग येते. स्प्लेंडरच्या तळाचा, ऑइल सोडायचा बोल्ट १७ मिमीचा, त्याला रिंग पानाच लावायचा. पक्कड किंवा सैल पान्याने डोकं गोल होतं. बोल्टवरची चपटी चकती दर वेळी नवी घ्यावी. जुनी दबून कडक झालेली असते, ती गळते, मग माणूस बोल्ट अजून आवळतो आणि केसिंगचे आटे जातात. दोन-चार रुपयांच्या चकतीसाठी हेलिकॉइल, म्हणजे गेलेल्या आट्यांच्या जागी तारेचे नवे आटे, बसवण्याचा खर्च येतो तो असा.

बाहेर येणाऱ्या ऑइलकडे पाहावं. काळं असणं वाईट नाही, काजळी धुऊन आणणं हेच त्याचं काम. सीएनजीच्या गाडीचं ऑइल उशिरा काळं पडतं, म्हणून ते चांगलं आहे असं समजून लांबणीवर टाकू नये; काजळी कमी असली तरी ते तापून आतून थकतंच. पावसाळाभर घर ते बाजार एवढीच फिरलेल्या स्कूटरच्या टोपीखाली दह्यासारखा पांढरा फेस दिसला तर ते पाणी. इंजिन पुरतं तापत नाही, म्हणून ओलावा उडून जात नाही. ऑइल बदलून एकदा वीस-पंचवीस किलोमीटर सलग चालवली की तो जातो. कारमध्ये मात्र असा फेस आणि कूलंटची पातळी उतरलेली, दोन्ही एकत्र दिसलं तर गाडी चालवू नये, हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालचं पॅकिंग, तपासून घ्यावं.

वीस मिनिटं निथळू द्यायचं. कारच्या नव्या फिल्टरच्या रबरी रिंगेला बोटाने नवं ऑइल लावायचं, जुनी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना ते पाहायचं. दोन रिंगा एकावर एक बसल्या तर पहिल्या रेसला सगळं ऑइल रस्त्यावर येतं. फिल्टर हाताने टेकवून मग पाऊण फेरा, किंवा फिल्टरवरच लिहिलं असेल तितका.

नरसाळ्यातून भरताना बाटली एकदम पालथी करू नये. स्प्लेंडरला आधी ८०० मिली, अ‍ॅक्टिव्हाला ६५०, कारला अडीच लीटर. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करायचं, तेवढाच वेळ थांबायचं, मग ऑइलची पातळी दाखवणाऱ्या काडीने माप. या दोन्ही दुचाकींत काडी आट्यात फिरवून मोजायची नसते, नुसती टेकवून काढायची असते. फिरवून मोजली तर ती खोल जाते, ऑइल भरपूर असल्यासारखं दिसतं आणि प्रत्यक्षात कमी पडतं. पातळी वरच्या खुणेच्या जरा खाली थांबवावी. जास्त भरणं हा कमी भरण्याइतकाच दोष आहे. फिरणारे भाग ऑइल घुसळतात, फेस होतो, आणि दाब वाढून ते इंजिनाची वाफ बाहेर सोडणाऱ्या श्वासनळीतून एअर फिल्टरच्या डब्यात येतं. स्कूटरचा एअर फिल्टर काळ्या ऑइलने भिजलेला दिसला, तर पहिला संशय मागच्या ऑइल बदलीवर घ्यावा.

काळं ऑइल मोरीत किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नये, कुंपणाच्या लाकडाला लावायलाही देऊ नये. धोकादायक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत ते मोडतं आणि पुन्हा शुद्ध करता येतं. रिकाम्या कॅनमध्ये पाणी न मिसळता भरून, नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याला देणाऱ्या सर्व्हिस सेंटरवर पोचतं करावं. बाटलीला भोक पाडायचं ते यानंतर.

पन्नास किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा काडी, आणि तळाच्या बोल्टखाली कोरडं बोट फिरवून पाहणं. सीटखाली चिकटपट्टीवर तारीख, मीटरचा आकडा, ऑइलची जाडी आणि प्लगचा नंबर लिहून ठेवला, तिन्ही गाड्यांत.